'ऑल्दो'च्या मागून 'बट' का येतो? इंग्रजीतल्या जोडीच्या अव्ययांच्या नेहमीच्या चुका आणि त्यांचं निदान

तक्रार साधारण अशी असते. जोड्यांचा तक्ता पाठ आहे. 'नायदर'ला 'नॉर', 'नो सूनर'ला 'दॅन', हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायला बसलं की कागदावर उतरतं ते हे: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट.' शिक्षक लाल शाईने 'बट' खोडतात आणि पुढच्या निबंधात तो परत हजर होतो. बारावीच्या वहीत ही चूक दिसते, स्पर्धा परीक्षेच्या सरावात दिसते आणि वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या मेलमध्येही दिसते.

तक्ता आणखी दहा वेळा घोकून ती जात नाही. तक्त्यात 'ऑल्दो'समोर 'बट' लिहिलेलं कुठेच नसतं, मग ते येतं कुठून? ते येतं आपल्या मराठीतून, आणि तेही मराठी चांगली येत असल्यामुळे. म्हणून निदान इंग्रजीच्या तक्त्यापासून नको, आपल्या 'जरी-तरी'पासून करू.

आगाऊ जोडीदार

मराठी वाक्याला जोड्यांची भारी हौस. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जितका-तितका, जोपर्यंत-तोपर्यंत. म्हणीसुद्धा याच साच्यातल्या: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. आता एक गोष्ट पाहा. रोजच्या बोलण्यात या जोडीतला पहिला अर्धा आपण सर्रास गाळतो. 'जर पाऊस आला तर मी येणार नाही' असं कोण म्हणतं? 'पाऊस आला तर येणार नाही' एवढंच म्हणतो. 'पाऊस होता तरी आम्ही गेलो.' 'तो आला तेव्हा मी झोपले होते.' जर, जरी, जेव्हा गेले तरी वाक्य उभं राहतं. पण 'तर', 'तरी', 'तेव्हा' काढून बघा, वाक्य कोसळतं.

इंग्रजीत नेमकं उलटं आहे. तिथे 'इफ', 'ऑल्दो', 'व्हेन' म्हणजे आपले जर, जरी, जेव्हा टिकून राहतात आणि तर, तरी, तेव्हा यांच्यासाठी बहुतेक वेळा काहीच लागत नाही. मराठी जो अर्धा टाकते तो इंग्रजी ठेवते आणि मराठी जो ठेवते तो इंग्रजी टाकते. त्यामुळे 'ऑल्दो इट वॉज रेनिंग' इथपर्यंत लिहून झालं की मनातला 'तरी' बेचैन होतो. त्याला इंग्रजीत शब्द हवा असतो आणि हाताशी 'बट' असतो.

हे एकदा लक्षात आलं की दुरुस्ती सोपी आहे. शाळेतलं मिश्र वाक्य आणि संयुक्त वाक्य आठवा. 'ऑल्दो' एका वाक्याला गौण करतं, म्हणजे मिश्र वाक्य तयार होतं. 'बट' दोन समान दर्जाची वाक्यं जोडतं, म्हणजे संयुक्त वाक्य. एकाच जोडणीवर दोघांना कामाला लावलं की कोण गौण आणि कोण मुख्य हेच ठरत नाही. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेन्ट आउट' किंवा 'इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट', यातलं एक घ्या. लिहून झाल्यावर स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवून पाहायचं: डावीकडे 'ऑल्दो', 'दो', 'सिन्स', 'बिकॉज', 'ॲज' यातलं काही आहे का? असेल तर उजवीकडची सुरुवात 'बट' किंवा 'सो'ने होता कामा नये. दोन वाक्यांना जोडणारा एक पुरे.

इथे हुशार विद्यार्थी हटकून विचारतो की मग 'इफ... देन' कसं चालतं? चालतं, कारण 'देन' हे क्रियाविशेषण आहे, जोडायचं काम तो करतच नाही. नुसता जोर देतो आणि काढला तरी वाक्याचं काही बिघडत नाही. 'दो... येट'चंही तसंच. ही जोडी जुन्या इंग्रजी गद्यात रूढ होती, १६११ सालच्या किंग जेम्स बायबलातही ती सापडते, आणि आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांतही ती जोडी म्हणून दिलेली असते. ती चूक नाही, फक्त आजच्या लिखाणात जरा भारदस्त वाटते. पण त्या 'येट'च्या आधाराने 'बट' आत आणू नका.

कारण सांगताना हाच दोष वेगळ्या वेषात येतो: 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम.' आजारी होता म्हणून आला नाही, हा 'म्हणून' म्हणजेच तो 'सो'. वाक्याची सुरुवात 'ॲज'ने केली की जरा ऐटदार दिसतं असं आपल्याला शाळेतच कोणीतरी सांगितलेलं असतं. सुरुवात ऐटीत होते आणि मग सवयीचा 'म्हणून' मागून येतोच. 'सिन्स... देअरफोर' आणि 'बिकॉज... सो' ही त्याचीच भावंडं.

गंमत अशी की 'ॲज... सो' ही जोडी दुसऱ्या एका अर्थाने अगदी बिनचूक आहे. 'ॲज यू सो, सो शॅल यू रीप' (यातला पहिला 'सो' म्हणजे पेरणं), म्हणजे आपलं 'पेरावे तसे उगवते'. इथे कारण नाही, तुलना आहे. तेव्हा 'ॲज... सो' लिहिलं की मनातल्या मनात मराठी करून पाहा. 'जसं-तसं' आलं तर दोन्ही ठेवा, 'म्हणून' आलं तर एक काढा.

आणि एक जोडी अशी आहे जिथे इंग्रजीच दोन्ही अर्ध्यांवर अडून बसते: 'जितकं-तितकं'. 'मोअर यू रीड, मोअर यू लर्न' हे अपुरं आहे. दोन्हीकडे 'द' हवाच: 'द मोअर यू रीड, द मोअर यू लर्न.' आणि दोन्हीकडे तुलनेचं रूप हवं. 'द मोअर यू प्रॅक्टिस, द गुड यू बिकम' असं होत नाही, 'द बेटर' हवं.

चुकीचा जोडीदार

इथे पाठांतराचा उपयोग होतो, पण कारण समजलं तर पाठांतराची गरज उरत नाही. 'नो सूनर'मागे 'दॅन' का? कारण 'सूनर' हे 'सून'चं तुलनेचं रूप आहे, 'बेटर' किंवा 'टॉलर'सारखं, आणि इंग्रजीत तुलनेच्या रूपामागे 'दॅन' येतो. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' ही तुलनेची रूपं नाहीत, म्हणून त्यांच्यामागे 'व्हेन'. तिघांचाही मराठी अर्थ एकच: घंटा होते न होते तोच मुलं पळाली. अर्थ एक असल्यामुळेच जोडीदारांची अदलाबदल होते. बोलताना 'हार्डली... दॅन' म्हणणारे इंग्रज आहेत, पण उत्तरपत्रिकेत ते चुकीचंच धरलं जातं.

याच ठिकाणी आणखी दोन खड्डे आहेत. 'नो सूनर'ने वाक्य सुरू झालं की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.' 'डिड' आला की भूतकाळ तिथेच संपला, पुढे 'रिंग'. 'डिड द बेल रँग' लिहिलं की जोडी बरोबर असूनही गुण जातो. 'हॅड' घेतलं तर मात्र 'हॅड द बेल रंग'. दुसरा खड्डा स्पेलिंगचा. 'दॅन'मध्ये ए आहे आणि 'देन'मध्ये ई. घाईत एकाच्या जागी दुसरा लिहिला जातो आणि मग जोडी माहीत असूनही चुकीची दिसते. 'ॲज सून ॲज'ला मात्र कुणीच लागत नाही. 'ॲज सून ॲज द बेल रँग, देन द चिल्ड्रन रॅन' यातला 'देन' पुन्हा आपल्या 'तेव्हा'चाच अवतार.

'बोथ'चा जोडीदार 'अँड', 'ॲज वेल ॲज' नव्हे. दोन ओ असलेल्या, 'फारच' या अर्थाच्या 'टू'नंतर एका ओचा 'टू' प्लस क्रियापद: 'द बॅग वॉज टू हेवी दॅट आय कुड नॉट लिफ्ट इट' हे 'इतकी जड की'चं शब्दशः रूप झालं, तिथे एकतर 'सो हेवी दॅट' लिहा नाहीतर 'टू हेवी टू लिफ्ट'. 'व्हेरी... दॅट' तर अस्तित्वातच नाही.

दुकानांच्या आणि कार्यालयांच्या पाट्यांवर कायम दिसणारी चूक म्हणजे 'बिट्विन १० टू ५'. 'बिट्विन'ला 'अँड' लागतो आणि 'टू'ला 'फ्रॉम'. ही अव्ययं व्याकरणात दुसऱ्या खान्यात बसतात, पण दोष तोच आहे: एका जोडीचा डावा आणि दुसऱ्या जोडीचा उजवा.

जागा चुकलेली जोडी

सगळ्यात चिवट प्रकार हाच, कारण इथे दोन्ही शब्द बरोबर असतात आणि वाक्य कानाला खटकत नाही. 'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कोंकणी.' काय बिघडलं? 'नॉट ओन्ली'च्या पुढे 'स्पीक्स मराठी' आहे, म्हणजे क्रियापदासकट तुकडा, आणि 'बट ऑल्सो'च्या पुढे नुसती 'कोंकणी'. जोडीच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे तुकडे हवेत. क्रियापद तर क्रियापद, नाम तर नाम. 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कोंकणी.' आता दोन्हीकडे भाषाच आहे.

स्पर्धा परीक्षांतल्या 'चूक ओळखा' प्रश्नांचं हे आवडतं ठिकाण. एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) आणि बँकांच्या सराव संचांत असे प्रश्न सापडतीलच. परदेशी जायला द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनातही चार निकषांपैकी एक व्याकरणाचा आहे, आणि लांब वाक्यं बांधायला जाणारे उमेदवार याच वळणावर अडखळतात.

'पॅरलल स्ट्रक्चर' वगैरे शब्दांपेक्षा मला एक घरगुती चाचणी जास्त उपयोगी वाटते: 'ही'ची चाचणी. मराठीत 'ही' हा प्रत्ययासारखा नेमक्या शब्दाला चिकटतो आणि तो कुठे चिकटवायचा हे आपल्याला शिकावं लागत नाही. वाक्य आधी मराठीत म्हणा. 'तो मराठीही बोलतो आणि कोंकणीही.' 'ही' चिकटला भाषांना, म्हणून इंग्रजीत जोडीचे दोन अर्धे त्या भाषांच्या लगेच आधी बसवा. 'ती गातेही आणि नाचतेही.' 'ही' क्रियापदांना चिकटला, म्हणून 'शी बोथ सिंग्ज अँड डान्सेस.' 'मला चहाही आवडत नाही आणि कॉफीही नाही': म्हणजे 'आय लाइक नायदर टी नॉर कॉफी', 'नायदर लाइक' नव्हे. मराठीत 'ही' शब्दाच्या मागे येतो आणि इंग्रजीत जोडीचा अर्धा शब्दाच्या पुढे. बाकी जागा तीच.

विभक्तीचा घोटाळाही हीच चाचणी पकडते. 'आमची दुकानं पुण्यातही आहेत आणि नाशकातही.' 'ही' विभक्तीसकट शब्दाला चिकटला, तर इंग्रजीतही 'बोथ इन पुणे अँड इन नाशिक'. दुसरा 'इन' नको असेल तर पहिला बाहेर काढा: 'इन बोथ पुणे अँड नाशिक'. एक 'इन' आत आणि दुसरा गायब, असं अर्धवट नको. 'आयदर... ऑर'ला मात्र ही चाचणी चालत नाही. 'एकतर' वाक्यात कुठेही जाऊन बसतो, त्याच्या जागेवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे दोन तुकड्यांखाली रेघा मारून ते एकाच जातीचे आहेत का हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

'नॉट ओन्ली' वाक्याच्या तोंडाशी आला की आणखी एक प्रश्न: 'डिड' घालायचा की नाही? उत्तर परत तुकड्यातच आहे. 'नॉट ओन्ली' क्रियेबद्दल बोलत असेल तर साहाय्यक क्रियापद पुढे येतं: 'नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो शाउटेड ॲट अस.' नुसता उशिरा आला नाही, वर ओरडलाही. इथे 'बट' आणि 'ऑल्सो' यांच्यामध्ये कर्ता शिरतो, त्याने बिचकू नका. पण 'नॉट ओन्ली' कर्त्यालाच चिकटला असेल तर काही उलटंपालटं करायचं नाही: 'नॉट ओन्ली द कंडक्टर बट ऑल्सो द पॅसेंजर्स वेअर अँग्री.' नियम अर्धा पाठ असलेला विद्यार्थी इथेही 'डिड' घुसवतो.

दोनदा नकार

'जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही तोपर्यंत पावती मिळणार नाही.' मराठीत दोन 'नाही' हवेतच. म्हणून 'अन्टिल यू डू नॉट पे' लिहिलं जातं. इंग्रजीत ते 'अन्टिल यू पे' एवढंच, आणि 'अनलेस'च्या पोटातही नकार आधीच आहे, त्यामुळे 'अनलेस यू पे'. 'लेस्ट'चंही असंच. 'पडू नये म्हणून जपून चाल' यात 'नये' आहे, म्हणून आपण 'लेस्ट यू शुड नॉट फॉल' लिहितो, आणि त्याचा अर्थ होतो की न पडण्याची भीती आहे. 'वॉक केअरफुली लेस्ट यू शुड फॉल' हे बरोबर.

'दोघंही आले नाहीत'चं 'बोथ डिड नॉट कम' करणं हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. इंग्रज वाचक त्यातून 'दोघं नाही, एकच आला' असंही समजू शकतो. दोघांचाही नकार सांगायचा तर 'नायदर': 'नायदर राम नॉर श्याम केम.' आणि 'नायदर' आला की क्रियापद होकारार्थीच राहील.

क्रियापद कुणाच्या मागे?

'आयदर... ऑर', 'नायदर... नॉर' आणि 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' यात क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. मराठीला हे नवीन नाही: 'दोन पेन्सिली किंवा एक वही मिळेल', पण 'एक वही किंवा दोन पेन्सिली मिळतील'. म्हणून 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट'. उलट क्रमाने 'वॉज' येईल, ते शुद्ध आहे पण कानाला अवघड. शक्य तिथे अनेकवचनी कर्ता शेवटी ठेवावा. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' असं वाक्य तर लिहूच नये. 'आयदर यू आर राँग ऑर आय ॲम' म्हटलं की वाद मिटतो. 'बोथ... अँड' नेहमी अनेकवचनी. 'ॲज वेल ॲज' मात्र पहिल्या कर्त्याचं ऐकतं: 'द प्रिन्सिपल, ॲज वेल ॲज द टीचर्स, वॉज प्रेझेंट.'

हात बसवण्यासाठी काही वाक्यं

'सिन्स द रोड वॉज क्लोज्ड, देअरफोर वी टुक द ओल्ड घाट.' इथे 'देअरफोर' जादा, कारण डावीकडे 'सिन्स' बसलेलाच आहे.

'हार्डली हॅड आय सॅट डाउन देन द फोन रँग.' 'देन'च्या जागी 'व्हेन'. इथे 'दॅन'ही नको.

'शी इज नॉट ओन्ली गुड ॲट मॅथ्स बट ऑल्सो सायन्स.' मराठीत म्हणा: ती गणितातही हुशार आहे आणि विज्ञानातही. 'ही' विषयांना चिकटला, म्हणून 'शी इज गुड नॉट ओन्ली ॲट मॅथ्स बट ऑल्सो ॲट सायन्स.'

'आय नायदर लाइक टी नॉर कॉफी.' हे वाक्य वर एकदा दुरुस्त केलंच आहे, पण परत मुद्दाम घेतलं. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसं बोलताना हे सर्रास म्हणतात आणि कुणी त्यांना टोकत नाही. परीक्षेत 'चूक ओळखा' म्हणून आलं तर 'नायदर लाइक' या भागावर खूण करा. मित्राच्या मेसेजमध्ये आलं तर खोडायला जाऊ नका.